काळ्या पाषाणाच्या पलीकडचे सोने
डंबळच्या डोंगरांतील शोधाचा इतिहास आणि बारामती-इंदापूरचा भूगर्भ

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. दोहोंच्या दक्षिणेकडून नीरा वाहते. इंदापूरला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमेने वेढले आहे. नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो आणि तेथून पुढे भीमा सोलापूर, कलबुर्गीमार्गे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेच्या दक्षिणेस, त्याच रायचूर जिल्ह्यात, हट्टीची सोन्याची खाण आहे. आणखी नैऋत्येला, बारामतीपासून सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, गदग शहराच्या दक्षिणेस डंबळचे डोंगर उभे आहेत. स्थानिक लोक त्यांना कप्पतगुड्ड म्हणतात. या डोंगरांत दीडशे वर्षांहून अधिक काळ सोन्याचा शोध पुनःपुन्हा घेण्यात आला. सोने सापडले, पण टिकाऊ खाण उभी राहिली नाही.

ज्या भीमेचे पाणी सोन्याच्या मुलखापर्यंत पोहोचते, तिच्या वरच्या खोऱ्यात मात्र सोने धुण्याचा धंदा कधी रुजला नाही. एकाच पठारावर हा भेद का पडावा आणि जेथे सोने खरोखर आहे तेथेही खाण का चालू नये, या दोन प्रश्नांची उत्तरे दख्खनच्या खडकांत आणि गेल्या दोन शतकांच्या इतिहासात सापडतात.

ट्रॅपचे आवरण

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कोठेही विहीर खोदली तरी माती आणि मुरुमाखाली काळा पाषाणच लागतो. भूवैज्ञानिक त्याला बेसाल्ट म्हणतात आणि या संपूर्ण खडकसमूहाला दख्खन ट्रॅप असे नाव आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि पठारावरील टेकड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांच्या कडा होत. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा आढळतो. एक थर निवल्यानंतर पुढचा थर येईपर्यंत मध्ये किती काळ गेला, याची ती खूण मानली जाते.

या प्रदेशाच्या भूरचनेचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव अग्रगण्य आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या या लष्करी अधिकाऱ्याची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमणूक केली. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पिके, लोकसंख्या, पशुपक्षी यांबरोबरच साइक्स यांनी खडकांचीही नोंद केली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधात दख्खनमधील ट्रॅपचे आडवे थर, त्यांतून उभ्या भिंतीसारखे गेलेले खडक आणि पोकळ्यांतील स्फटिक यांचे वर्णन आहे.

हे लाव्हारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर आले. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. त्यांची जाडी सर्वत्र सारखी नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल विंधनछिद्रात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, त्याखाली ८ मीटर जाडीचा गाळाचा थर लागला आणि त्यानंतर प्राचीन स्फटिकमय खडक सुरू झाला. कोयना परिसरातील खोल विंधनात हाच प्राचीन खडक सुमारे ९३० मीटरवर लागला. बारामती आणि इंदापूर हे कोयना आणि किल्लारी यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे तेथेही ट्रॅपचे आवरण काहीशे मीटर जाड असणार, हे उघड आहे.

बेसाल्टमध्ये सोने का नाही?

सोने अल्प प्रमाणात जवळजवळ प्रत्येक खडकात असते आणि बेसाल्टही त्याला अपवाद नाही. परंतु हे प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम इतकेच असते. भूमिगत खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम सोने लागते, म्हणजे सुमारे हजारपट. विखुरलेले सोने हजारपट दाट करण्याचे काम निसर्गाने केल्याशिवाय खाण होत नाही.

हे काम प्रामुख्याने भूगर्भातील उष्ण पाणी करते. भूकवचात काही किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली खडक घड्या पडून दबतात, तडकतात आणि त्यांच्या भेगांतून गंधकयुक्त उष्ण पाणी वर सरकते. ते वाटेतील विस्तृत खडकांतून सोने विरघळवून आणते. भेगेतील दाब अचानक कमी झाला किंवा पाण्यातील गंधक खडकातील लोहाशी संयोग पावले, की सोने तेथेच साचते. त्याबरोबर सिलिकाही साचून गारगोटीच्या पांढऱ्या शिरा तयार होतात. सोन्याचा शोध घेणारे प्रथम या शिरा शोधतात, त्या यामुळेच.

दख्खन ट्रॅपच्या वाट्याला ही प्रक्रिया आली नाही. हे लाव्हारस उघड्यावर पसरले, निवले आणि बहुतांशी आडवेच राहिले. त्यांना खोलवर दाबून घड्या घालणारी मोठी भूहालचाल नंतर झाली नाही. त्यांच्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्याने झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे स्फटिक तयार केले. विहिरीच्या दगडांत चकाकणारे खडे सापडतात ते हेच होत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळ्या कॅव्हन्साइटला जगभरचे संग्राहक ओळखतात, पण या स्फटिकांचा सोन्याशी संबंध नाही.

नद्यांच्या वाळूलाही हाच नियम लागू आहे. नदीच्या गाळातील सोने वरच्या खोऱ्यातील खडक झिजून येते. भीमा भीमाशंकरला, नीरा भोरच्या सह्याद्रीत आणि कऱ्हा पुरंदरच्या डोंगरांत उगम पावते. नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंत या तिन्ही नद्यांचा सारा प्रवास ट्रॅपवरूनच होतो. आणणार तरी कोठून, असा हा प्रश्न आहे.

गोल घुमटाकडून बदामीकडे

दक्षिणेकडे जाऊ लागले की हे आवरण पातळ होत जाते आणि शेवटी संपते. सोलापूरहून गदगला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हा बदल टप्प्याटप्प्याने दिसतो. होटगी ते गदग हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८४ साली खुला केला. विजापूरपर्यंत काळी जमीन आणि काळा दगड सोबत करतात; गोल घुमट याच गडद बेसाल्टमध्ये बांधलेला आहे. बागलकोटच्या आसपास ट्रॅप मागे पडतो आणि कलादगी गटाचे गाळाचे खडक वर येतात. बदामीची सहाव्या शतकातील लेणी या भागातील तांबड्या वालुकाश्मात कोरलेली आहेत. त्याही पलीकडे गदगजवळ जमिनीवर येतो तो धारवाडी खडक.

धारवाडी खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत, म्हणजे दख्खन ट्रॅपच्या सुमारे चाळीस पट. मूळचे लाव्हारस, समुद्रतळावरचा गाळ आणि लोहयुक्त थर भूकवचात दाबले जाऊन त्यांचे हिरवट, पापुद्र्यांचे शिस्ट खडक झाले. त्यांचे लांबट पट्टे आजूबाजूच्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांत वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेले आहेत. गदगपासून चित्रदुर्गकडे गेलेला पट्टा त्यांपैकी एक मोठा पट्टा होय. कोलार आणि हट्टी हे दुसरे दोन प्रसिद्ध पट्टे. किल्लारी आणि कोयना येथे ट्रॅपखाली लागलेला खडक पाहता, दक्षिणेतील प्राचीन भूकवच दख्खनच्या पठाराखालीही पुढे गेलेले आहे यात शंका नाही. त्यात सोनेधारी पट्टे असलेच, तरी शेकडो मीटर बेसाल्टखाली ते शोधणे आणि काढणे आज कोणालाही परवडणारे नाही.

जलगार आणि रॉबर्ट ब्रूस फूट

डंबळच्या डोंगरांतील सोन्याची माहिती इंग्रजांनी प्रथम मिळवली असे नाही. डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे जलगार तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होते. पावसाने ओढ्यांना पूर येऊन गेला की नवा गाळ साचे आणि त्यांचा हंगाम सुरू होई. लाकडी पाट, कुदळ आणि कसबी हात एवढेच त्यांचे भांडवल. मिळकत बेताची असे. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या डोंगरांतील सोन्याविषयी लिहिले. पुढे १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या धारवाड खंडातही जलगारांची नोंद झाली. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इंग्रजी दप्तरांत या मुलखाचे नाव दक्षिण मराठा देश असे होते.

शास्त्रीय तपासणीचे श्रेय रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याकडे जाते. ते १८५८ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. मद्रासजवळील पल्लवरम येथे १८६३ साली अश्मयुगीन हत्यार शोधून काढणारे म्हणून इतिहासाचे अभ्यासक त्यांना ओळखतात. डंबळच्या डोंगरांतील सोनेधारी खडकांवरील त्यांचा अहवाल १८७४ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण मराठा देशाच्या भूरचनेवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १८७६ साली निघाला.

फूट यांनी ओढ्यांतील वाळू धुऊन पाहिली. सोरटूरच्या बाजूचे ओढे अधिक सोने देतात, हे त्यांना आढळले. त्या ओढ्यांच्या वरच्या अंगाला कोणता खडक आहे, याचा त्यांनी माग काढला. त्यामुळे सोन्याचा उगम शिस्ट खडकांच्या ठरावीक गटाशी जोडता आला. पुढे १८८८ साली त्यांनी या खडकांना ‘धारवाड सिस्टिम’ असे नाव देऊन दक्षिण भारतातील प्रमुख सोनेधारी खडकमाला म्हणून मांडले. सोने कोठे शोधावे आणि कोठे शोधू नये, याचा पहिला विश्वसनीय नकाशा यातून मिळाला. धारवाड हे नाव त्यानंतर भूविज्ञानात कायमचे रूढ झाले.

कंपन्यांचा काळ

फूट यांची पाहणी सावध होती. भांडवलदारांचा उत्साह मात्र सावध नव्हता. १८७९ ते १८८१ या काळात वायनाडच्या सोन्याच्या बातम्यांनी लंडनच्या बाजाराला वेड लावले. डझनावारी कंपन्या निघाल्या, यंत्रे आली, बंगले उठले आणि काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या. शिरा पृष्ठभागाजवळ आशादायक दिसल्या, परंतु खोलीवर त्यांतून पुरेसे सोने निघाले नाही.

डंबळच्या डोंगरांची पाळी विसाव्या शतकाच्या प्रारंभी आली. होसूर, अत्तीकट्टी, कबुलायतकट्टी या गावांच्या परिसरात जुने खड्डे साफ करून विवरे खणली गेली. येथील एका खाणीला ‘सांगली’ हे नाव होते. शेजारचा शिरहट्टी तालुका तेव्हा पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा भाग होता. जे. माल्कम मॅक्लारेन यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे या क्षेत्राची पाहणी करून १९०६ साली अहवाल दिला. काही सोने निघालेही, परंतु पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच हे काम थंडावले.

या अपयशाची कारणे खडकातच होती. गदग पट्ट्यातील गारगोटीच्या शिरा तुटक आहेत. कोठे फुगतात, कोठे बारीक होऊन नाहीशा होतात. एका ठिकाणी चांगला लागलेला दगड शंभर फुटांवर सापडेलच, याची खात्री नसते. दुसरी अडचण आर्सेनोपायराइट या आर्सेनिक आणि गंधकयुक्त खनिजाची. सोन्याचे बारीक कण त्याच्या आत अडकलेले असतात. दगड कुटून पाऱ्याने सोने ओढून घेण्याची जुनी पद्धत अशा धातुकावर पुरी पडत नाही. सायनाइडची पद्धत १८८७ नंतर आली, पण अशा दगडाला त्याआधी भाजण्यासारखी प्रक्रिया द्यावी लागते आणि खर्च वाढतो.

कोलार आणि हट्टीचा धडा

याच धारवाडी खडकांत कोलारला मात्र यश आले. लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी १८०२ साली तेथील सोन्याची माहिती मिळवली, तरी खाणींचा जम बसायला ऐंशी वर्षे लागली. जॉन टेलर आणि कंपनीने १८८० पासून काम हाती घेतले. तेथेही पहिली वर्षे तोट्याची होती. नंतर चॅम्पियन रीफ ही लांब आणि सलग शीर हाती लागली. शिवसमुद्रमच्या जलविद्युत केंद्राची वीज १९०२ साली तेथे पोहोचली. एका शतकाहून अधिक काळात कोलारने सुमारे ८०० टन सोने दिले आणि खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. शेवटी खर्च सोन्याच्या किमतीहून अधिक झाला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या.

हट्टी येथे प्राचीन लोकांनी खणलेली विवरे सुमारे दोनशे मीटर खोल गेलेली आढळली. त्यांतील लाकडांच्या कार्बन कालमापनावरून हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरते. निजामाच्या राजवटीत १९४७ साली तेथे नवी कंपनी स्थापन झाली. ती आता कर्नाटक सरकारच्या मालकीची असून हट्टी ही देशातील प्रमुख चालू खाण आहे. तिचे उत्पादन वर्षाला एक ते दोन टनांच्या आसपास असते, तर देशाची आयात अनेक वर्षे सातशे टनांच्या आसपास राहिली आहे. या दोन आकड्यांतील तफावत पाहिली की जुन्या सोनक्षेत्रांकडे पुनःपुन्हा नजर का वळते, हे समजते.

डोंगर की खाण?

सोन्याचे भाव वाढले की पूर्वी न परवडणारा दगड परवडू लागतो. स्वातंत्र्यानंतर सरकारी यंत्रणांनी गदग पट्ट्याची पुन्हा तपासणी केली आणि एकविसाव्या शतकात खासगी कंपन्यांनीही कप्पतगुड्डमध्ये रस दाखवला. दरम्यान या डोंगरांचे दुसरे मोलही लोकांच्या लक्षात आले होते. कमी पावसाच्या गदग जिल्ह्यात हे डोंगर म्हणजे औषधी वनस्पतींचा साठा, गवताळ वन आणि ओढ्यांचा उगम आहे. सोने काढायचे तर लाखो टन दगड फोडावा लागतो. उरलेल्या भुकटीत आर्सेनिक असते. ती पाण्याच्या उगमाजवळ साठवायची की नाही, हा प्रश्न गावकरी आणि मठाधिपतींनी लावून धरला.

कर्नाटक सरकारने २०१५ साली या भागाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. २०१६ साली तो काढून घेण्यात आला. त्यावर मोठे आंदोलन झाले आणि २०१७ साली दर्जा परत देण्यात आला. २०१९ साली सुमारे २४४ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. अभयारण्यांत आणि त्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. ज्या डोंगरांतील सोने फूट यांनी नकाशावर आणले, त्यांच्या बऱ्याच भागात ते आता खडकातच राहणार आहे.

महाराष्ट्रातील शक्यता

महाराष्ट्रात सोन्याची शक्यता ट्रॅपच्या बाहेर, म्हणजे मुख्यतः विदर्भाच्या पूर्व भागात आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील साकोली पट्ट्याचे खडक ट्रॅपहून कितीतरी जुने असून घड्या पडलेले आहेत. तेथे परसोडी आणि कोलारी-भावरी या ठिकाणी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याचे अस्तित्व नोंदवले आहे. जुन्या मध्य प्रांतात नदीची वाळू धुऊन सोने काढणारी सोनझारी जमात होती. रसेल यांच्या १९१६ च्या ग्रंथात तिची माहिती मिळते. डंबळच्या जलगारांचे हे विदर्भातील भाऊबंदच म्हणावे लागतील. तथापि या ठिकाणांचे मोठ्या खाणीत रूपांतर झालेले नाही. सोने आढळणे, साठा सिद्ध होणे आणि खाण परवडणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. बातमी बहुधा पहिल्या पायरीची असते, गुंतवणूक मात्र तिसरी पायरी गृहीत धरून केली जाते.

बारामती-इंदापूरसाठी याचा अर्थ

बारामती आणि इंदापूरच्या खडकात सोने शोधण्यात अर्थ नाही, हे भूविज्ञान निःसंदिग्धपणे सांगते. शेतात पिवळा चकाकणारा खडा सापडलाच, तर साधी परीक्षा पुरते. सोने ठोकल्यावर चपटे होते, फुटत नाही. लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, ठोकल्यावर भुगा होतो आणि खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासल्यास काळपट रेघ उमटवतो.

खडक ओळखण्याचे हेच शास्त्र या दोन तालुक्यांत दुसऱ्या कामी येते. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. झिजलेला मुरूम, तडे गेलेला पाषाण आणि दोन लाव्हाथरांमधील सांधा यांतच पाणी साठते. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर भाटघर धरण आणि नीरा डावा कालवा यांमुळे या भागाला कालव्याचे पाणी मिळाले, पण कालव्यापासून दूरच्या जिरायत गावांची भिस्त आजही विहिरी आणि विंधनविहिरींवर आहे. सोन्याच्या शोधात एका शिरेसाठी कंपन्या बुडाल्या, तसेच चुकीच्या जागी घेतलेल्या एकामागून एक कोरड्या विंधनविहिरींनी शेतकरी कर्जात जातो. खर्च करण्यापूर्वी खाली कोणता खडक आहे हे जाणून घेणे, हा डंबळच्या डोंगरांचा धडा नीरेच्या काठीही तितकाच खरा आहे.

दृष्टिक्षेपात

१८०२ : जॉन वॉरन यांच्याकडून कोलारच्या सोन्याची नोंद.
१८३६ : साइक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरील निबंध प्रसिद्ध.
१८७४ : डंबळच्या डोंगरांतील सोन्यावर फूट यांचा अहवाल.
१८८० : कोलारमध्ये जॉन टेलर आणि कंपनीचे काम सुरू.
१८८८ : ‘धारवाड सिस्टिम’ हे नाव रूढ करणारा फूट यांचा लेख.
१९०६ : मॅक्लारेन यांचा दक्षिण भारतातील सोनेधारी क्षेत्रांवरील अहवाल.
१९४७ : हट्टीच्या खाणीसाठी कंपनी स्थापन.
२००१ : कोलारच्या खाणी बंद.
२०१९ : कप्पतगुड्ड अभयारण्य घोषित.